आकडा खरा हवा असेल तर

महोदय,
व्यावसायिक फुटबॉलपटूंची तक्रार पाठीवर बांधलेल्या, धावणे मोजणाऱ्या जीपीएस यंत्राबद्दल फारशी नसते. ती असते आकड्यांच्या वापराबद्दल. सरावानंतर साधारण अर्ध्या तासाने 'सराव किती जड गेला?' हे ० ते १० मध्ये विचारतात आणि मिनिटांनी गुणतात. ९० मिनिटे, ७ गुण, सरावाचा भार ६३०. पण ८ म्हटले की पुढच्या सामन्यात बाकावर, ही धास्ती असली तर खेळाडू सरळ ५ सांगतो. मग गुणाकार कितीही अचूक असो, उपयोग शून्य. उत्तर एकेकट्याला विचारावे, सहकाऱ्यांदेखत तर नकोच. यंत्रही प्रत्येकाला ठरलेले द्यावे. अदलाबदलीत मोजमाप बदलते. फिफा आणि खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो यांच्या २०२२ च्या सनदेत स्वतःची माहिती पाहण्याचा खेळाडूचा हक्क नमूद आहे. करार करताना हेच आकडे पुढे करणाऱ्या क्लबला खरी उत्तरे कोण देईल?

– एक फिटनेस प्रशिक्षक, कोल्हापूर