टॉकीज गेल्या, सायकल स्टँडचं काय?

संपादक साहेब, नमस्कार. इंदूरच्या जुन्या टॉकीजवर तुम्ही अधूनमधून छापता, छानच असतं, पण दरवेळी पडदा, बाल्कनी आणि ब्लॅकची तिकिटं यातच सगळं आटपतं. बाजूच्या सायकल स्टँडवर एक ओळ नाही! रीगल, मधुमिलन, सपना-संगीता ही नावं आज चौराह्यांना, रोडला उरलीयेत, स्टँडला तेवढंही नाही.

स्टँडवाला पत्र्याचा एक बिल्ला हँडलला तारेनं अडकवायचा, त्याच नंबरचा दुसरा आपल्या हातात. माझा एकदा इंटरव्हलमध्ये हरवला, तर शो सुटल्यावर सगळ्या सायकली जाईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो, शेवटी एकच उरली ती माझी, तेव्हा कुठे स्टँडवाल्या भियानं (भैयानं) सोडली (वर ओरडला ते वेगळंच). पिक्चर चाललाय की पडलाय हे आम्ही पोस्टरवरून नाही, स्टँडवरच्या रांगा बघून ओळखायचो.

अमेरिकेत 1933 साली न्यू जर्सीत पहिलं ड्राइव्ह-इन निघालं, म्हणजे पार्किंगमध्येच पिक्चर, त्याचा इतिहास लोक कौतुकानं सांगतात. आपल्या स्टँडचा एखादा फोटो, एखादा बिल्ला कुणाकडे असेल तर तुम्ही छापा की.

एक जुना प्रेक्षक, इंदूर