पित्त की जंत?

संपादक महोदय,

अंगावर पित्त उठलं की आमच्या सदाशिव पेठेत आधी आमसुलाचं पाणी चोळतात. नातवाला आम्ही दोन महिने तेच केलं. रात्री मांड्यांवर लालभडक गांधी, सकाळी अंग स्वच्छ! अखेर डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली आणि जंत निघाले. जंतांमुळे शरीरातली अ‍ॅलर्जीची यंत्रणा चाळवते, हिस्टामिन नावाचं खाज आणणारं रसायन सुटतं आणि गांधी येतात. अर्थात, बहुतेकांच्या पित्तामागे जंत नसतात. तेव्हा ऊठसूट गोळ्या नकोत. पण ६ आठवडे उलटूनही पित्त हटत नसेल, तर डॉक्टरांना जंतांबद्दल विचारावं. १० फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी बाईंसमोर चावून खायची असते. आमच्या पठ्ठ्याची कंपासपेटीत सापडली.

– एक आजोबा, पुणे ३०