फार्गोची शेपूट तीन इंच खाली

रामबाग, इंदूर

प्रिय बंड्या,

स.न.वि.वि. तुझं पत्र मिळालं. त्यात काकूंच्या गुडघ्यापासून वडोदऱ्याच्या पुरापर्यंत सगळं आहे आणि माझ्या जुन्या फार्गो पिकअपची शेपूट तीन इंच खाली आणण्याबद्दल एकच ओळ: "मागचे तीन पाटे काढून टाक, गाडी आपोआप बसेल." इथल्या एका कमानीवाल्यानेही, म्हणजे पोलादी पाटे एकावर एक रचून गाडीच्या कमानी (स्प्रिंगा) बनवणाऱ्याने, मला अगदी हेच सांगितलं. वर म्हणाला, "भिया, आधे घंटे का काम है." दोघांनाही उत्तर द्यायचं होतं. त्याला तोंडी दिलं, तुला लिहितोय.

आधी गाडी नीट डोळ्यांसमोर आण. अर्ध्या टनाची पिकअप, १०८ इंचांचा व्हीलबेस, पुढेही पाटे, मागेही पाटे. नाव फार्गो, पण हाड डॉजचं. क्रायस्लर परदेशी बाजारांत तेच ट्रक फार्गो नावाने विकायची आणि आपल्याकडे वालचंद हिराचंदांची प्रीमियर कुर्ल्याहून हे दोन्ही बिल्ले बाजारात आणायची. अर्धा टन माल गृहीत धरून मागचे पाटे बनवलेले, आणि माझ्या हौद्यात जातं काय? सतरंजी, जॅक, पाण्याचा कॅन. त्यामुळे मागचा भाग विंचवाच्या नांगीसारखा वर, आणि प्रत्येक खड्ड्याला ढुंगण उडतं ते वेगळंच.

ट्रान्सपोर्ट नगरजवळच्या धर्मकाट्यावर फक्त मागची चाकं चढवली. ५४० किलो. त्यातून हाउसिंग (अ‍ॅक्सलची नळी), चाकं, ड्रम असं पाट्यांच्या खालचं वजन अंदाजे १४० धरलं. उरले ४०० किलो, म्हणजे एका कमानीवर २००. मग अ‍ॅक्सलच्या बरोब्बर वर सिमेंटच्या चार गोण्या ठेवल्या, म्हणजे दर बाजूला १०० किलो, आणि आधी-नंतरची उंची मोजली. गाडी पाऊण इंचाहून जेमतेम थोडी जास्त दबली. म्हणजे एक इंच दाबायला सव्वाशे किलो हवेत. रिकाम्या गाडीच्या वजनाने ही कमान दीड-पावणेदोन इंचच दबून बसलेली आहे. अशी कमान सेकंदाला अडीच झोके घेते. ढुंगण उडणारच.

आता तुझे तीन पाटे. आठातले तीन गेले की ताकद (एक इंच दाबायला लागणारं वजन) पाच-अष्टमांश, म्हणजे सव्वाशेच्या जागी ७८ किलो. गाडी खाली येणार किती? एक इंच. फार तर थोडी जास्त, कारण खालचे पाटे जास्त वाकलेले असतात आणि वरच्यांना उचलून धरतात. मला हवेत तीन इंच. शिवाय आठ जणांचं ओझं पाच जणांवर, म्हणजे प्रत्येक पाट्यावरचा ताण १.६ पट, तोही सत्तर वर्षं जुन्या लोखंडावर. ज्या दिवशी मेन पाटा तुटेल त्या दिवशी अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकेल, आणि त्या वेळी मी मानपूरच्या घाटात असेन. तू हे दहावीच्या गणितातसुद्धा पाहिलं नाहीस, म्हणून रागावत नाही.

दुसरा सल्ला असा की अ‍ॅक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवायचा. अमेरिकेतली मंडळी सर्रास करतात. पण त्यात अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांची थप्पी मिळून पाच-सहा इंच एकदम जातात. माझ्याकडे हाउसिंगपासून चेसिसखालच्या, धक्का झेलणाऱ्या रबरापर्यंत अंतरच सहा इंच आहे. मग चेसिस वरून कापून खाच पाडा, प्लेट वेल्ड करा. ते मी करणार नाही. एक तर मन होत नाही. दुसरं म्हणजे २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी, तो 'व्हीए'वाला नंबर, मिळतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. पाटे नट-बोल्टांचे, जुने गुंडाळून माळ्यावर ठेवता येतात. कापलेला चेसिस परत कसा जोडणार?

म्हणून नव्या कमानी घडवून घ्यायच्या ठरवल्या. आठच पाटे, पण खालचे सात ७ ऐवजी ६ मिलिमीटरचे. मजा बघ, पाट्याची ताकद जाडीच्या घनाने बदलते. एक मिलिमीटर कमी केला की त्या पाट्याची ताकद ६३ टक्क्यांवर येते. मेन पाटा मात्र ७ चाच ठेवतोय. हिशेब ८० ते ८५ किलोवर जातो, म्हणजे गाडी पाऊण इंच नुसत्या मऊपणाने खाली. ताण यातही वाढतो, पण तुझ्या उपायाहून कमी, आणि स्टील नवं.

खरी मेख डोळ्याची आहे. मेन पाट्याच्या टोकाला बुश (रबराची छोटी नळी) बसतो तो डोळा आपल्याकडे वरच्या बाजूला वळवलेला असतो. तोच खालच्या बाजूला वळवला की चेसिस बसल्या जागी सव्वा इंच खाली उतरते, कमान तेवढीच वाकलेली राहते आणि अ‍ॅक्सलची हालचालही बिघडत नाही. जुनी युक्ती आहे, पण हिची किंमत मोजावी लागते. सध्या दुसरा पाटा डोळ्याला खालून कवेत घेतो, मेन तुटला तर तोच गाडी धरतो. डोळा उलटा केला की त्याला डोळ्याच्या अलीकडेच संपावं लागतं. म्हणूनच मेन पाटा जाड ठेवला. उरलेला एक इंच कमानीचा बाक कमी करून.

घडवणाऱ्याला दोन गोष्टी बजावल्या. जुन्या पाट्याला गॅसची ज्योत दाखवून सरळ करायचं नाही. पोलादाचं पाणी (टेंपर) उतरलं की तो पाटा कमान न राहता पट्टी होतो. आणि स्टील स्प्रिंगचंच, ईएन ४५, तापवून तेलात विझवून पुन्हा मुरवलेलं. म्हातारा लोहारच निघाला. नव्या पाट्याच्या कडेवर अंगठा फिरवून म्हणाला, "ये धार मारनी पड़ेगी, नहीं तो यहीं से चटकेगा." पाट्याच्या कातरलेल्या कडेला केसासारखी बारीक चीर असते, ती त्याने मला उन्हात तिरपी धरून दाखवली. तिथेच मी बयाणा दिला.

बाक कमी झाला की कमान लांब होते. माझ्या मापाने डोळ्यापासून डोळ्यापर्यंत साधारण अर्धा इंच. पुढचा डोळा चेसिसला पक्का, म्हणून मागचं शॅकल (झुलती कडी) मागे झुकणार आणि अ‍ॅक्सलही पाव इंच मागे जाईल. प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडात तेवढी जागा आहे, बघून ठेवलीय. डिफरन्शियलच्या नाकाचा कोन मात्र गाडी चारही चाकांवर उभी करूनच मोजणार. गिअरबॉक्सच्या कोनाशी जुळला नाही तर पातळ पाचर घालायची, नाहीतर शाफ्टचा क्रॉस (सांधा) गुणगुणत राहतो. शॉकअपही आखूड लागतील, सध्याचे तीन इंच खाली गेल्यावर तळाला टेकतात.

आई विचारते, "खाली घासणार नाही का रे?" तिला कळणार नाही, तुला कळेल. मागचं सगळ्यात खालचं अंग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा, आणि तो टायरवर उभा असतो, कमानीवर नाही. पाटे बदलून तो तसूभर खाली येत नाही. खाली येणार सायलेन्सर आणि मागचा बंपर. नियमाने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आमच्या गल्लीतला रात्रीतून कोणी बांधला देव जाणे, तो म्हणजे नुसता उंबरा आहे. म्हणून सायलेन्सर वर बांधतोय. टायर ६.००-१६ चेच.

पुढचं मी हलवत नाहीये. मागे तीन इंच उतरले की पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर (चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) दीड अंशाहून थोडा जास्त वाढेल, स्टिअरिंग किंचित जड होईल पण सरळ रस्त्यावर गाडी नाक धरून चालेल. हेडलाइट तेवढे खाली वळवायला हवेत. आणि वजनाची मर्यादा ठरवलीय, हौद्यात दोनशे किलोच्या वर नाही. तेवढ्याने ती सव्वा इंच दबेल, रबराला पावणेदोन इंच उरतील. तुझं कपाट वडोदऱ्याहून आणायला म्हणून ही गाडी विसरायची.

आता तुझ्याकडे काम. तुझ्या ओळखीचा तो रबराचे बुश ओतून देणारा अजून आहे का? नव्या डोळ्याचं आतलं माप एक इंच ठेवलंय, लांबी पाट्याच्या रुंदीइतकी, दोन इंच. सहा नग हवेत, थोडे कडक. पितळी नकोत, वंगण घालायला विसरलो की किरकिरतात. विचारून लगेच कळव, कारण बुश हातात आल्याशिवाय म्हातारा डोळे वळवणार नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिल्या