वर्गशिक्षिका बाईंना एका पालकाचे आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आमच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) आहे का, हे तपासताना बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेली, मुलाच्या वागण्याविषयी पालक आणि शिक्षकांना विचारणाऱ्या व्हँडरबिल्ट प्रश्नावलीची शिक्षकांसाठीची प्रत आपण भरून दिलीत. त्याबद्दल आपले मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण असे कागद हाती पडणाऱ्या इतर शिक्षकांनाही आपण काय केलेत हे कळावे, असे मला वाटते.

रक्ततपासणी किंवा मेंदूचा फोटो काढून एडीएचडीचे निदान होत नाही. लक्षणे घरात आणि शाळेत, अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून पालकांच्या 55 प्रश्नांइतकेच शिक्षकांच्या 43 प्रश्नांना महत्त्व असते. ‘कधीच नाही’ला शून्य आणि ‘फार वेळा’ला तीन गुण असतात, परंतु ‘बऱ्याचदा’पासून पुढचे उत्तरच लक्षण म्हणून धरले जाते. एकाग्रतेच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ प्रश्नांपैकी किमान सहांची उत्तरे तशी आली आणि अभ्यासावर किंवा वागण्यावर त्याचा परिणामही दिसला, तरच डॉक्टर पुढचा विचार करतात. म्हणजे ‘कधीकधी’ की ‘बऱ्याचदा’ हे ठरवताना केलेली घाई मुलाला महागात पडू शकते. आपण ती केली नाहीत. आमची उत्तरे आधी सांगू नका, असे आपण आग्रहाने म्हणालात, प्रश्नावली काही दिवस स्वतःजवळ ठेवलीत आणि त्याच वयाच्या इतर मुलांशी ताडून पाहत त्याच्याकडे लक्ष दिलेत. साठ मुलांच्या वर्गात हे किती अवघड असेल, याची मला जाणीव आहे.

त्याहून मोलाच्या वाटल्या त्या आपण समासात लिहिलेल्या नोंदी. फळ्यावरचे उतरवून घेताना तो तिसऱ्या ओळीपाशी थांबतो, तोंडी गणिते मात्र बरोबर सांगतो, हे आपण लिहिलेत. भांडण, मारामारी यांविषयीच्या प्रश्नांपुढे ‘कधीच नाही’वर खूण केलीत आणि वाचन सरासरीपेक्षा चांगले असल्याचे नोंदवलेत, त्यामुळे त्या कागदावर केवळ त्याच्या उणिवा उरल्या नाहीत. चूक होईल या भीतीने नवे काही करून पाहायला तो कचरतो का, या प्रश्नापुढे आपण ‘बऱ्याचदा’वर खूण केलीत आणि शेजारी लिहिलेत की, आपण बाकाजवळ पोहोचण्याआधीच तो लिहिलेले खोडून टाकतो. घरी हे आम्हाला कधी दिसले नव्हते. डॉक्टर त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ याच उत्तराविषयी बोलले, आणि लक्ष लागण्याच्या उपायांसोबतच ही भीती कमी करण्याचे कामही सुरू झाले.

मुलाविषयीचे असे कागद शाळेत देताना पालकांच्या मनात धाकधूक असते. त्याच्यावर कायमचा शिक्का बसेल, वर्गात कुजबुज होईल, असे वाटत राहते. आपण प्रश्नावली बंद पाकिटात परत दिलीत, त्याविषयी शिक्षकखोलीत एक शब्दही काढला नाहीत आणि त्याला पहिल्या बाकावर बसवताना कारण कोणालाही कळू दिले नाहीत. त्याचा मान आपण राखलात, हे आम्ही विसरणार नाही.

पुढच्या भेटीआधी डॉक्टर याच प्रश्नावलीची पाठपुराव्यासाठीची छोटी प्रत देणार आहेत. आपली परवानगी असेल, तर ती घेऊन आम्ही पुन्हा आपल्याकडेच येऊ.

आपली कृतज्ञ,
आपल्या वर्गातील एका विद्यार्थ्याची आई