पेला कामाला आला

ट्युबिंगन (जर्मनी), रविवार सकाळ

प्रिय आई-बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मग रेंज जाते, म्हणून लिहूनच पाठवतेय, दादा वाचून दाखवेल. आधी हे ऐका की मी मजेत आहे. स्वेटर घालते, पोळ्या लाटते (नकाशे होतात, पण खाते), आणि वजन उतरलेलं नाही, व्हिडिओत तसं दिसतं.

आता काकूचा प्रश्न, "ही शिकायला गेलीय का कॉफी प्यायला". अगं स्टेटसला काय थिसिसचे फोटो टाकू? शनिवारी सकाळी जुन्या गावात एखादी नवी बेकरी बघते, बस्स. चार-पाच युरो होतात, आणि बाबा, लगेच शंभराने गुणू नका, मी पण मनात गुणतेच आणि निम्मी चव तिथेच जाते. इकडची ब्रेत्सेल म्हणजे गाठ मारलेला पाव, हात बारीक कुरकुरीत, पोट मऊ, मधून कापून आत हे एवढं लोणी. ज्या एबरहार्ड सरदाराने 1477 ला आमची युनिव्हर्सिटी काढली त्यानेच म्हणे उराख गावच्या एका बेकरीवाल्याला दम दिला होता, तीनदा सूर्य दिसेल असा पाव करून आण नाहीतर मर, आणि त्यातून ही तीन भोकं. खरंखोटं देव जाणे. आपल्या स्टँडजवळच्या खारीची सर नाहीच.

पण खरी गंमत कपाची आहे. इथे कॉफी बाहेर न्यायची तर कागदी कपावर 50 सेंट कर लागतो, गावाने 2022 पासून लावलाय. ताटलीला पण 50, चमच्याला 20. म्हणजे कॉफीचे पैसे वेगळे आणि कप वापरून फेकणार म्हणून वेगळे. कर असतो दुकानदारावर, पण तो तुमच्याकडूनच घेणार ना. तिथेच बसून प्यायलात तर चिनी मातीचा कप, काही नाही लागत. स्वतःचा कप आणलात तरी काही नाही. एका फास्टफूडवाल्याने कोर्टात केस केली, ती पार देशाच्या घटना न्यायालयापर्यंत गेली आणि जानेवारी 2025 ला गावच जिंकलं! पन्नास सेंटसाठी! त्यामुळे इथे भलेभले लोक खिशात, सायकलला, कुठेही कप अडकवून फिरतात.

तर आई, तू बॅगेत कोंबलेला स्टीलचा पेला, ज्यावरून मी एअरपोर्टवर तुझ्याशी भांडले, तोच मी पुढे केला. काउंटरवरच्या बाईंनी काठोकाठ भरला आणि मग दोघींना कळलं की याला धरायचं कुठे. मफलरमध्ये गुंडाळून कसाबसा उचलला. त्यांनी बोटाने दाखवून विचारलं हे काय कोरलंय. दादाच्या मुंजीची तारीख! मुंज काय ते जर्मनमध्ये सांगता सांगता मागे सहा जणांची लाईन झाली, शेवटी म्हटलं "भावाचा वाढदिवस". सॉरी दादा.

बरं, आता बाबा चिडू नका. त्याच बाईंकडे पुढच्या महिन्यापासून शनिवार-रविवार काम करणार आहे. नियमातलंच आहे, आम्हाला वर्षाला 140 दिवस चालतं. "लोकांचे कप विसळायला पाठवलं नाही" हे तुम्ही म्हणणार, माहितीये, पण सेमिस्टरची 1500 युरो फी दरवेळी तुमच्या एफडीतून नको. पुढची अर्धी तरी मी भरते.

आणि दादाचं लग्न. माझी सुट्टी ख्रिसमसला लागते, मुहूर्त त्याच्या दहा दिवस आधी. तिकीट बघितलं, रोज बघते, स्वस्त होत नाही. सुट्टीचं कारण खरं आहे पण अर्धंच. वहिनीला मी वेगळा फोन करीन. करवली म्हणून मामाच्या पोरीला उभी करा, मात्र माझी हिरवी साडी तिला देऊ नका.

मामीने सांगितलेलं म्युनिकचं स्थळ सध्या राहू दे. म्युनिक इथून शेजारी नाही, आणि आत्ता डोक्यात परीक्षा आहे.

दादाच्या लग्नात भांड्यांवर नाव घालायला द्याल तेव्हा माझ्यासाठी एक काढून ठेव. पण यावेळी कान असलेला कप घे गं, पेला फार भाजतो.

तुमची,
छोटी