मुक्ताच्या प्रश्नांना सांगलीतून उत्तरं

सांगली,
5 जून

प्रिय सुहास,
स.न.वि.वि.

पत्र मिळालं. मुक्ताचे प्रश्न वाचून फार आनंद झाला. यादी लांबलचक आहे, म्हणून ज्यांची उत्तरं आपल्या सांगलीतच सापडतात ते आधी घेतो.

शाळेच्या शर्टावरचा वरणाचा पिवळा डाग साबण लावताच लाल का झाला? हळदीचा रंग कर्क्युमिनमुळे असतो. आम्लात तो पिवळाच राहतो, अल्कलीत लालसर होतो, आणि कपड्याचा साबण अल्कलीच. त्या लाल डागावर लिंबू पिळलं की तो परत पिवळा! मुक्ताला करूनच बघू दे. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर फासायची, वाळू द्यायची आणि वर एकेक थेंब टाकत जायचं: ताक, चिंचेचं पाणी, साबणाचं पाणी, पानाचा चुना. चुन्याचा थेंब पडेल तिथे कागद कुंकवासारखा दिसेल. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून फोडणीत हळद पडली की आमटीवरचा तवंग पिवळाधमक होतो, आणि नुसत्या पाण्याने डाग ढिम्म हलत नाही. ऊन मात्र त्याला सोसत नाही. वहिनींना म्हणावं, शर्ट टाकून देऊ नका. साबणाने धुऊन ओलाच कडक उन्हात वाळत घाला, डाग फिकट होत जाईल.

हळद जमिनीत पुरून का ठेवायचे, हा प्रश्न तिला सुचला याचं मला विशेष कौतुक वाटलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं आपलं हरिपूर पेवांसाठीच, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांसाठीच, प्रसिद्ध होतं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत ऐसपैस पोट. हळद भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचं. आत हवा अडकते. कीड, बुरशी, जे काही जिवंत असेल ते त्या हवेतला ऑक्सिजन संपवतं आणि मग स्वतःच मरतं. औषध नाही, फवारणी नाही, तरी हळकुंडं वर्षानुवर्षं टिकायची. पण जी हवा किडीला मारते ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील आत सोडायचा. ज्योत विझली तर अजून थांबायचं. ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी ज्योत जाते, माणूस त्यानंतर कोसळतो. म्हणजे कंदील वेळेआधी सावध करतो. ज्यांनी ऑक्सिजन हा शब्दही ऐकला नव्हता त्यांनी ही रीत पाळली, याचा मला मनापासून आदर वाटतो. 2005 च्या महापुरात या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि बरीचशी निकामी झाली. आता हळद गोदामात आणि शीतगृहात जाते.

मराठी नाटक सांगलीतच का सुरू झालं, याचं उत्तर छोटं आहे. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहून राजे चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि 1843 साली 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. राजाश्रय आणि हौशी कर्ता माणूस एका गावात भेटले.

आता तिच्या गाण्याच्या क्लासमधला प्रश्न: तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा कशाला? तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला हलकासा बाक असतो. छेडलेली तार त्या बाकावर घासत कंप पावते, आणि दोरा पुढे-मागे सरकवून ती नेमकी कुठे टेकेल ते ठरवतात. जागा जमली की जवारी खुलते, एका तारेतून वरचे कितीतरी स्वर झरू लागतात. तार बरोबर मध्यावर छेडली तर त्यातले निम्मे स्वर उमटूच नयेत, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. तानपुऱ्यात ते तरीही ऐकू येतात! सी. व्ही. रामन यांनी 1921 साली यावर निबंध लिहिला. मिरजेचे कारागीर तर त्याच्याही आधीपासून कानाच्या भरवशावर घोडी घासत आले आहेत.

दिवाळीत याल तेव्हा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊ. दोरा सरकवताना आवाज कसा बदलतो ते मुक्ताने तिथे समोर बसून ऐकावं, अशी माझी फार इच्छा आहे. उरलेल्या प्रश्नांचं पुढच्या पत्रात लिहितो. तोवर तिला सांग, लिंबाचा प्रयोग कसा झाला ते स्वतःच्या अक्षरात कळव.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
अजित