रिसीव्हरची पारख घड्याळावर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलला जागा मिळू लागली, हे बरे झाले. हिंजवडी-खराडीत अमेरिकी वेळेवर काम करणारी मंडळी एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचे सामने बघतात आणि त्यावर हिरिरीने भांडतातही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल (कमरेची पट्टी ओढून अडवण्याचा प्रकार) असल्याने मैदानावरची मुलेही इकडे वळतील. मात्र ड्राफ्टमधल्या, म्हणजे एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीतल्या, वाइड रिसीव्हरांबद्दलच्या (पुढे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांबद्दलच्या) मजकुरात दोनच आकडे ठळक असतात. चाळीस यार्ड किती सेकंदांत पळाला आणि कॉलेजच्या हंगामात किती यार्ड मिळवले. एवढ्यावर मत बनवले तर फसगत ठरलेली.

२०१७ चा एकच ड्राफ्ट घ्या. जॉन रॉसने चाळीस यार्ड ४.२२ सेकंदांत कापून तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर उचलले. त्याचा सर्वांत चांगला हंगाम निघाला ५०६ यार्डांचा. त्याच वर्षी ४.६२ सेकंद घेणारा कूपर कप तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर गेला. त्याने २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे) करून तिन्ही यादींत पहिला क्रमांक पटकावला. वेग फुकट आहे असे नव्हे. वेगवान रिसीव्हरला त्याला रोखणारा बचावपटू, म्हणजे कॉर्नरबॅक (कॉर्नर), घाबरून दोन पावले जास्त जागा देतो, हा फायदा मोठाच. पण ती धाव अंगावर कोणी नसताना, सरळ रेषेत, हाफपँटवर घेतलेली असते. त्यातल्या त्यात पहिल्या दहा यार्डांची वेळ वेगळी दिली तर ती अधिक बोलकी, कारण सामन्यात बहुतेक वेळा तेवढ्यातच निकाल लागतो.

मग बघायचे काय? त्या खेळाडूचे निदान चार सामने, आणि त्यांतले दोन तरी तगड्या बचावाविरुद्धचे. टीव्हीवर स्नॅपनंतर (चेंडू मागे देऊन डाव सुरू झाल्यावर) कॅमेरा चेंडूमागे राहतो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर जातो, त्यामुळे थेट प्रक्षेपणातून फारसे हाती लागत नाही. गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमागून दाखवलेले रीप्ले थांबवून थांबवून बघावे लागतात. झेल मोजण्याआधी तो किती वेळा रूट (ठरवून दिलेली धाव) पळाला ते मोजावे. ३०० रूटमध्ये ९०० यार्ड म्हणजे दर रूटला तीन, ४८० रूटमध्ये ९६० यार्ड म्हणजे दोन. बातमीत मथळा दुसऱ्याला मिळतो, माल पहिल्याकडे असतो.

पहिली कसोटी स्नॅपच्या क्षणी. कॉर्नर नाकासमोर, हातभर अंतरावर उभा आहे, म्हणजे प्रेस, की सात-आठ यार्ड मागे? एनएफएलमध्ये पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धरता-ढकलता येत नाही, म्हणून सगळी झटापट त्या पाच यार्डांत होते. तिथे रिसीव्हर जागच्या जागी पाय नाचवत बसला तर क्वार्टरबॅकची (चेंडू फेकणाऱ्याची) वेळ टळते आणि चेंडू दुसरीकडे जातो. चांगला रिसीव्हर कॉर्नरचा हात मनगटापाशी झटकतो, खांदा खाली घेऊन निसटतो आणि लगेच पुन्हा त्याच्या पुढ्यात येऊन त्याला आपल्या पाठीमागे ठेवतो. निसटताना तो सीमारेषेकडे किती ढकलला जातो हेही बघावे. रेषेपासून चार-पाच यार्ड जागा उरली नाही तर क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला कोपराच राहत नाही. कॉलेजमध्ये प्रेस तुलनेने कमी बघायला मिळतो. अख्ख्या हंगामात असे दहा-बारा प्रसंगच सापडले, तर तेच दहा-बारा दहा वेळा बघावेत.

दुसरी कसोटी वळणाची, आणि आमच्या मते खरी पारख इथेच होते. बारा यार्ड पळून दहावर परत येण्याचा कर्ल हा रूट घ्या. कच्चा रिसीव्हर नवव्या यार्डापासूनच पावले आखडतो, छाती वर उचलतो, हात हलवायचे थांबवतो. कॉर्नरला ही सूचना पुरेशी असते, तो थबकतो आणि चेंडूवर झडप घालतो. पक्का रिसीव्हर शेवटच्या पावलापर्यंत लांब पळणार असल्याचा आव आणतो, मग कंबर खाली सोडून दोन-तीन पावलांत थांबतो. अशा वेळी नजर कॉर्नरच्या कमरेवर ठेवावी. ती मागे पळण्यासाठी फिरली की रिसीव्हर जिंकला. आत वळणाऱ्या डिग या रूटमध्ये बाहेरचा पाय रोवून काटकोनात वळायला हवे. चुकीच्या पायावर वळला की कोपऱ्याची गोलाई होते, तो वर वाहवत जातो आणि कॉर्नर खालून घुसून चेंडू पळवतो. रेकॉर्डमध्ये इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर चढते.

या कसोटीसाठी थ्री-कोन नावाची, तीन शंकूंभोवती वळत पळण्याची चाचणी असते, पण तीही आंधळेपणाने घेऊ नये. डीके मेटकाफला तीत ७.३८ सेकंद लागले, २०१९ मध्ये तो ६४ व्या क्रमांकापर्यंत घसरला. चाचणी खोटी नव्हती, तो झटकन वळणारा नव्हेच. पण २२८ पौंडांचा देह ४.३३ मध्ये पळतो म्हटल्यावर सिॲटलने त्याला मुख्यतः सरळ धावायला लावले आणि सौदा फायद्यात गेला.

सुटलेल्या झेलांची टक्केवारी काढताना झेलण्याजोगे चेंडूच हिशेबात घ्यावेत, डोक्यावरून गेलेले नव्हेत. आणि का सुटला ते नोंदवावे. चेंडू हातात येण्याआधीच मान पुढे पळायला वळली, तर ती सरावाने सुधारते. प्रत्येक चेंडू हातांऐवजी छातीवर घेण्याची सवय जायला फार वेळ लागतो. शिवाय कॉलेजमध्ये एक पाय रेषेच्या आत पडला तरी झेल वैध, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. रेषेवरचा त्याचा प्रत्येक झेल या नियमाने पुन्हा तपासला तर यादी आकसते.

कॉलेजच्या मैदानाची आखणीही आकडे फुगवते. मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंद, पण कॉलेजमध्ये हॅशच्या खुणा (डावाच्या सुरुवातीला चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या) एकमेकींपासून ४० फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू एका हॅशवर असला की कॉलेजमध्ये दुसरीकडे १०० फूट मोकळे रान मिळते, एनएफएलमध्ये सुमारे ८९. त्यात काही संघ रिसीव्हरला एकाच बाजूला उभे करून मोजकेच रूट पळवतात. २०१५ मध्ये बेलर विद्यापीठाच्या कोरी कोलमनने २० टचडाउन केले, सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार घेतला, पुढच्या वर्षी क्लीव्हलंडने त्याला १५ व्या क्रमांकावर निवडले आणि दोन हंगामांनंतर बफेलोला देऊन टाकले. पाटा खेळपट्टीवरच्या द्विशतकावरून परदेश दौऱ्याचा संघ कोणी निवडत नाही, तसेच हे.

उलटी चूकही होते. जस्टिन जेफरसन २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून (एलएसयू) मुख्यतः स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला खेळला. बाहेर प्रेससमोर टिकेल का, या शंकेपोटी त्याच्या आधी चार रिसीव्हर गेले. २२ व्या क्रमांकावर घेतलेल्या या गड्याने पहिल्याच हंगामात १,४०० यार्ड केले. स्लॉटमध्ये खेळला म्हणजे बाहेर जमत नाही असे नव्हे, फक्त पुरावा कमी आहे. मग वळणे आणि पावले जास्त काटेकोर तपासायची.

वयाकडे मात्र सहसा कोणी बघत नाही. तेविसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या कॉर्नरला हरवणे आणि एकोणिसाव्या वर्षीच संघाचा पहिला रिसीव्हर होणे यांत फरक आहे. कूपर कप तेविशीतच आला होता, त्यामुळे हा नियम अपवादासकट वापरावा. ब्लॉकिंगबद्दल (सहकाऱ्यासाठी बचावपटूला अडवण्याबद्दल) एवढेच की तिसऱ्या-चौथ्या रिसीव्हरची नोकरी बऱ्याचदा त्यावरच टिकते.

ड्राफ्टची पहिली फेरी आपल्याकडे एप्रिलमध्ये शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. त्याआधीच्या अंकात प्रत्येक प्रमुख रिसीव्हरसाठी एक छोटी चौकट द्यावी, अशी विनंती आहे. वय, बाहेर किती टक्के आणि स्लॉटमध्ये किती, दर रूटमागे यार्ड, प्रेससमोरची कामगिरी, झेल सुटण्याचे कारण. चाळीस यार्डांची वेळ शेवटच्या ओळीत छापली तरी चालेल.

— फ्लॅग फुटबॉल खेळणारे काही वाचक, कोथरूड, पुणे